ब्रेकचा लाल दिवा ब्रेक तपासत नाही

इंदुरात सुदामानगर, लोकमान्यनगर, वैशालीनगर या भागांतून सकाळी एक चक्कर मारली, तर पोर्चमध्ये अजूनही मारुती ८००, झेन, सँट्रो आणि सुरुवातीच्या वॅगन-आर उभ्या दिसतात. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात धाकट्या ८०० नेही दहावी केव्हाच ओलांडली. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० रुपये झाली. तरीही पुष्कळ लोक ती भरतात. गाडी चालतेय, घरच्यांना तिची सवय आहे, बाजारापुरती पुरते, मग विकायची कशाला?

अशा गाडीत एक दिवस डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन बाजूंना कंस, नाहीतर सरळ इंग्रजीत 'ब्रेक' लिहिलेलं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष गाडीला हात लावायला तयार नसतो. दुसरा म्हणतो, ब्रेक उत्तम लागतोय, सेन्सर गेला असेल, चला. दोघांचाही समज एकच असतो, की हा दिवा ब्रेकची तब्येत सांगतो. जुन्या गाडीत तो तसलं काहीही सांगत नाही. तो दोन बटणांची स्थिती दाखवतो, बस.

ती दोन बटणं कोणती?

पहिलं बटण हँडब्रेकच्या दांड्याखाली असतं. दांडा ओढला की ते सुटतं आणि दिवा लागतो. दुसरं बोनेटखाली, ब्रेक ऑइलच्या प्लॅस्टिकच्या डबीत असतं. डबीत एक तरंगता फ्लोट असतो. ऑइल ठरावीक पातळीच्या खाली गेलं की फ्लोट खाली येतो आणि तोच दिवा लागतो. दोघांचा दिवा सामाईक असल्यामुळे तो लागल्यावर तक्रार कोणाची आहे ते नुसतं बघून कळत नाही. काही गाड्यांत तिसरंही कारण जोडलेलं असतं, पण आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांचा बहुतेक कारभार या दोघांवरच चालतो.

आता दोन शब्द एकदाच समजून घेऊ. 'ब्रेक ऑइल' हे खरं तर तेल नाही. दाब पुढे पोचवणारा तो एक खास द्रव आहे. 'मास्टर सिलिंडर' म्हणजे ती डबी जिच्यावर बसलेली असते ती धातूची नळी. तुम्ही ब्रेकचं पॅडल दाबता, मास्टर सिलिंडर हे ऑइल पाइपांमधून चारी चाकांकडे ढकलतो आणि तिथले पिस्टन चाकं धरतात. द्रव दाबून लहान होत नाही, त्यामुळे पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत जातो. सगळी व्यवस्था बंदिस्त असते. पेट्रोल जळून संपतं तसं ब्रेक ऑइल वापरून संपत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गच्चीवरची टाकी आठवा. नर्मदेचं पाणी आपल्याकडे एक दिवसाआड, म्हणून कित्येकांनी टाकीत फ्लोटचा अलार्म बसवलाय. तो वाजला म्हणजे पाणी कमी झालं, एवढंच. ते धुण्याभांड्यात गेलं की भिंतीतला पाइप फुटला, हे अलार्मला ठाऊक नसतं. टँकर मागवून टाकी भरली तर अलार्म गप्प बसेल आणि भिंत ओली होत राहील. ब्रेक ऑइलची बाटली आणून डबीत ओतणं हे अगदी असंच आहे.

आधी फुकटातलं कारण पाहा

सुरुवात हँडब्रेकपासून करा, कारण तिथे खर्च नाही. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून उभी करा. इंजिन बंद ठेवा आणि किल्ली 'ऑन'ला फिरवा. हँडब्रेक पूर्ण खाली करा आणि दांडा बोटाने आणखी खाली दाबून बघा. दिवा लुकलुकला किंवा विझला तर दोष बहुधा बटणाचा किंवा त्याच्या जागेचा आहे. जुन्या गाडीत दांड्याखाली वर्षांची धूळ, नाणी, शेवेचा चुरा (इंदुरात शेव कुठेही सापडते) साठलेला असतो. बटण चिकटतं किंवा त्याची पट्टी वाकते. साफ करून पट्टी सरळ केली की काम झालं.

तरी एक गोष्ट बघाच. दांडा खाली असून हँडब्रेकची केबल गंजून अडकली असेल, तर मागचे ब्रेक थोडे लागलेलेच राहतात. चार-पाच किलोमीटर चालवून थांबल्यावर मागचं चाक चटका बसण्याइतकं तापलंय का, ते हात जवळ नेऊन पाहा. लगेच टेकवू नका. तापलं असेल तर बटण साफ करून भागणार नाही.

बोनेट उघडल्यावर

डबीवर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. जुनी डबी पिवळी पडलेली असते, बाहेरून काही दिसत नाही. बोनेटच्या बाजूने टॉर्च मारा, पातळीची सावली दिसते. झाकण उघडायचं असेल तर आधी भोवतीची धूळ फडक्याने पुसा, आत कण गेलेला चालत नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. रंग सोलवटतो.

पातळी खालच्या रेघेपाशी किंवा त्याखाली असेल, तर दिव्याने त्याचं काम केलं. आता तुमचं काम सुरू होतं.

ऑइल गेलं कुठे?

याची उत्तरं दोनच आहेत आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिलं उत्तर निरुपद्रवी आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी) आणि मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा) ब्रेक असतात. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड झिजतात, तसा त्यांच्यामागचा पिस्टन बाहेर सरकत जातो आणि त्याच्या मागची रिकामी जागा ऑइल भरतं. नवा पॅड साधारण १० मिलिमीटर जाड असतो, ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा. पॅड त्या टोकाला पोचेपर्यंत डबीतली पातळी हळूहळू, महिन्यामहिन्यांनी खाली येते. म्हणजे ऑइल कुठेही गेलेलं नसतं, टाकीतून नळात उतरलेलं असतं. इथे ऑइल ओतू नका, पॅड बघा. पॅड बदलताना मिस्त्री पिस्टन मागे ढकलतो आणि ऑइल आपोआप डबीत परत चढतं. मधल्या काळात तुम्ही डबी काठोकाठ भरली असेल तर ते झाकणातून उतू जातं आणि खालचा रंग खातं.

दुसरं उत्तर गळती. ती शोधायला थोडा चिकाटीचा माणूस लागतो.

एक अडचण आपल्या शहराचीच आहे. देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहराचा मान आपण वर्षानुवर्षं मिळवतोय आणि पोर्च रोज सकाळी धुतला जातो. रात्री पडलेला डाग नऊ वाजेपर्यंत नाहीसा. म्हणून रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. पाण्याचा डाग सुकतो, ब्रेक ऑइलचा सुकत नाही आणि बोटाला बुळबुळीत लागतो.

पुठ्ठा कोरडा निघाला तरी निश्चिंत होऊ नका. मागच्या ड्रमच्या आत एक छोटा 'व्हील सिलिंडर' असतो आणि जुन्या गाडीत पहिल्यांदा तोच हार मानतो. त्यातलं रबर कडक होतं, ऑइल झिरपतं, पण ते ड्रमच्या आतच राहतं. बाहेरून खूण एवढीच, की मागच्या टायरच्या आतल्या बाजूला, मधून कडेकडे जाणारा काळा ओला ओघळ दिसतो आणि त्यावर धूळ चिकटलेली असते. मिस्त्रीने ड्रम काढला की त्याला सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी बोटाने जरा उचलायला सांगा. टोपी बाहेरून कोरडी असते आणि उचलल्यावर आतून ऑइल येतं, असं पुष्कळदा होतं. तसं झालं तर सिलिंडर गेलाच. ऑइलने भिजलेले ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या कमानी, त्याही बदलायच्या, पुसून परत बसवायच्या नाहीत. आणि बदल दोन्ही बाजूंना करायचा. एक बाजू नवी आणि एक जुनी असली तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

सगळ्यात लबाड गळती मास्टर सिलिंडरच्या मागे असते. त्याच्यामागे बूस्टर नावाचा काळा, चपटा गोल डबा असतो. इंजिनाची हवा ओढण्याची शक्ती वापरून तो तुमच्या पायाला मदत करतो. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल त्या डब्यात उतरतं. जमिनीवर थेंब नाही, चाकं कोरडी आणि ऑइल दर महिन्याला कमी! अशा वेळी दोन्ही जिथे जोडलेत त्याच्या खाली, बूस्टरवरचा काळा रंग फुगलाय किंवा सोललाय का ते बघा. तिथे सोललेला रंग म्हणजे गळतीचा जवळपास पुरावाच.

याशिवाय मागे जाणारा लोखंडी पाइप गंजतो आणि चाकांजवळच्या रबरी नळ्यांना चिरा पडतात. काही गाड्यांत क्लचही ऑइलवर चालतो आणि त्याच डबीतून पितो. तिथे चोर क्लचच्या सिलिंडरमध्येही असू शकतो.

वळणावर लागतो, सरळ रस्त्यावर विझतो

ही तक्रार फार ऐकू येते. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटाच्या उतारावर दिवा लागला आणि बडवाहला पोचेपर्यंत विझला, म्हणून मंडळी नर्मदामय्याला हात जोडून मोकळी होतात. कारण साधं आहे. ऑइल सीमारेषेवर आलेलं असतं. उतारावर, वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ते एका कडेला जातं आणि फ्लोट खाली येतो. सपाटीवर परत जागेवर. असा लुकलुकणारा दिवा म्हणजे वेळेवर मिळालेली आगाऊ सूचना आहे. त्याच आठवड्यात पॅड आणि गळती तपासा.

ऑइल भरपूर, हँडब्रेक खाली, तरी दिवा

आता संशय विजेच्या बाजूचा. फ्लोट वर्षानुवर्षं ऑइलमध्ये राहून ते पितो आणि बुडतो. मग डबी भरलेली असली तरी दिवा लागतो. तपासायला सोपं आहे. या गाड्यांत दिव्याला एका बाजूने करंट मिळालेला असतो आणि बटण दुसरी बाजू बॉडीला जोडून त्याला पेटवतं. म्हणून किल्ली 'ऑन' ठेवून डबीजवळचा वायरचा प्लग काढा. दिवा विझला तर दोष फ्लोटचा. नाही विझला तर हँडब्रेकच्या बटणाची वायर काढा. दोन्ही काढूनही दिवा चालूच असेल तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला टेकलीय. गालिच्याखाली, सीटच्या रुळाजवळ आधी शोधा.

ब्रेकबरोबर बॅटरीचाही दिवा लागत असेल, तर काही गाड्यांत मूळ दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये असतो, ब्रेक ठीक असतात. आणि पिवळा एबीएसचा दिवा हे वेगळं प्रकरण. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं घसरू न देणारी यंत्रणा. आपल्याकडे ती सगळ्या नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, त्यामुळे जुन्या गाड्यांत बहुधा नसतेच. असली आणि लाल-पिवळे दोन्ही दिवे एकदम लागले, तर थेट गॅरेज.

'पण ब्रेक तर लागतोय!'

लागणारच. मास्टर सिलिंडर आतून दोन भागांत विभागलेला असतो आणि प्रत्येक भाग दोन चाकं सांभाळतो. छोट्या गाड्यांत बहुधा पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र, उरलेली दोन एकत्र. डबीतही मध्ये भिंत असते, म्हणजे एका बाजूचं ऑइल गेलं तरी दुसऱ्या बाजूचं राहतं. राजवाड्याच्या गर्दीत ताशी २० ने जाताना अर्ध्या ब्रेकवर गाडी छान थांबते आणि तुम्हाला काही जाणवत नाही. पॅडल थोडं जास्त खाली जातं, त्याची पायाला आठ दिवसांत सवय होते. देवास बायपासवर ८० च्या वेगात समोर ट्रॅक्टर आडवा आला, की उरलेला अर्धा ब्रेक किती कमी आहे ते कळतं. दुसरी बाजू म्हणजे वाचलेला ब्रेक आहे, पूर्ण ब्रेक नव्हे.

'भिया, ऑइल कम था, डाल दिया, लाइट बंद' हे गॅरेजमधलं वाक्य म्हणूनच मला पटत नाही. कमी का होतं, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि ऑइल टाकलंच तर डबीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं, डॉट ३ किंवा डॉट ४, तेच आणि सीलबंद बाटलीतलं. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही नाही. त्याने सगळी रबरं फुगतात आणि अख्खी यंत्रणा बदलावी लागते.

दिवा विझलेला आहे म्हणजे सगळं ठीक?

उलट्या बाजूची ही चूक मला जास्त धोक्याची वाटते. पाइपात हवा शिरली, बूस्टर गेला, ऑइल जुनं झालं, पिस्टन अडकला, यातल्या कशानेही जुन्या गाडीचा दिवा लागत नाही. पीयूसी नवी आहे म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. पीयूसीत फक्त धूर तपासतात, ब्रेकला कुणी हात लावत नाही.

म्हणून पायाने करायची एक चाचणी शिकून घ्या. इंजिन बंद करून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पॅडल कडक होईल. मग जोराने दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. पॅडल हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळतंय, बाहेर काही दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आत. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पॅडल थोडं खाली बसलं तर बूस्टर चांगला. बसलं नाही तर त्याच्याकडे बघायला हवं. पॅडल दाबताना मऊ लागतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येतं, तेव्हा पाइपात हवा असण्याची शक्यता मोठी. ती मिस्त्रीकडून काढून घ्यावी लागते. पण हवा आत कशी गेली तेही शोधायचं.

जुन्या ऑइलचं दुखणं घाटात बाहेर येतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि पाणी मुरलं की कमी तापमानाला उकळतं. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकावं लागतं, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला की ऑइल उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, पॅडल जमिनीला टेकतं आणि डबीतली पातळी जागेवर असल्यामुळे दिवा विझलेलाच! धामनोदकडे उतरणारा गणपती घाट ट्रकच्या ब्रेकमुळे बदनाम आहे. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यात उकळायला ऑइल नसतं, पण तापलेला ब्रेक पकड सोडतो हा नियम त्यांनाही आहे. म्हणून उतारावर दुसरा-तिसरा गिअर टाका आणि ब्रेक दाबून-सोडून वापरा. ऑइल साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदला. डबीत ते काळपट दिसत असेल तर तारीख बघत बसू नका.

गॅरेजपर्यंत चालवत नेऊ का?

पॅडल नेहमीसारखं वर आणि कडक, पातळी खालच्या रेघेच्या वर, कुठे ओलं नाही, तर हळू, मोठं अंतर ठेवून न्या. पॅडल मऊ, खोल किंवा सरकणारं असेल, किंवा गळती दिसत असेल, तर मिस्त्रीलाच घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या. टोइंगचे पैसे वाचवण्याची ही वेळ नव्हे.

चालत्या गाडीत पॅडल खाली गेलंच तर पटापट पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक दांड्याच्या टोकाचं बटण दाबून धरत हळूहळू ओढा. हँडब्रेक केबलवर चालतो, ऑइल गेलं तरी तो असतो. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

जुनी गाडी घेताना

इंदूरच्या सेकंडहँड बाजारात एक युक्ती जुनी आहे. लाल दिवा त्रास देतो म्हणून डॅशबोर्डचा बल्बच काढून टाकायचा. म्हणून सौद्याआधी किल्ली 'ऑन'ला फिरवा, इंजिन सुरू करू नका आणि हँडब्रेक ओढा. दिवा लागला पाहिजे. मग हँडब्रेक खाली करून मास्टर सिलिंडरच्या डबीतला फ्लोट दाबून बघा. तो सापडत नसेल तर प्लग काढून त्याच्या दोन टोकांत वायरचा तुकडा लावायला मिस्त्रीला सांगा. तेव्हाही दिवा लागला पाहिजे. दोन्हीपैकी एकाही वेळी लागला नाही, तर विक्रेत्याला आधी तो लावून दाखवायला सांगा. किमतीचं बोलणं त्यानंतर.